पती-पत्नी एकत्रीकरण

बदल्यांच्या शाखेत नवं यंत्र आलं, ते पद्मजा टेंभुर्णे मॅडमनी आपल्याच टेबलासमोर बसवून घेतलं. हल्ली कर्मचारी वारला तरी शासन त्याची बुद्धी यंत्रात घालून निवृत्तीच्या वयापर्यंत राबवतं, आणि मॅडमचे यजमान भास्करराव यांची काही वर्षं सेवा अजून बाकी होती. ते गडचिरोलीला, मॅडम मुंबईला, असाच सगळा संसार झाला. जिवंतपणी अडलेला बदलीचा आदेश आता कुठे निघाला होता.

मॅडमनी दोन चहा सांगून ठेवले होते. यंत्राचा दिवा लागला.

“नमस्कार मॅडम, मी टेंभुर्णे. आज रुजू होतोय.” आवाज तोच होता, जरासा घोगरा.

शासन कचेरीतल्या आठवणी तेवढ्या जपतं आणि घरच्या पुसून टाकतं, हे मॅडमना ठाऊक होतं. तरी त्यांनी विचारलं, “इथे करमेल ना तुम्हाला?”

“न करमायला काय झालं? दरवर्षी मुंबईच तर मागत होतो. सगळे अर्ज लक्षात आहेत माझ्या.” आवाज जरा घुटमळला. “कशासाठी मागत होतो, तेवढं मात्र आठवत नाही.”