शेंदराखाली

शिपायाने देवीच्या अंगावरचा शेंदूर खरवडायला घेतला तेव्हा ठमाबाईने त्याचं मनगट धरलं.

"हात लावू नको. माजी आय हाय ती."

"बाई, बाजूला व्हा," श्रीपाद आठल्ये म्हणाले. "ही देवी नाही. जुना शिलालेख आहे. आजपासून तो बोर्डाचा."

आठल्ये जिल्हा बोर्डाचे अधिकारी. माणूस व्यासंगी. जुनी अक्षरं वर्तमानपत्र वाचावं तशी वाचायचे. दगडावर ओरखडा उठू नये म्हणून त्यांनी शिपायाला लोखंड वापरू दिलं नव्हतं, रॉकेलचा बोळा आणि बांबूची कामटी दिली होती. ठमाबाईला दंडाला धरून बाजूला काढताना मात्र शिपायाने एवढी काळजी घेतली नाही. साहेबांनीही त्याला हटकलं नाही.

कोपरच्या खाडीकाठी, ठमाबाईच्या भाताच्या बांधावर ही शिळा उभी होती. पेरणीच्या आधी नारळ आणि दसऱ्याला शेंदूर, एवढाच तिचा मान. ठमाबाईचा नवरा गणू वारला त्याला चार वर्षं झाली होती, पण मान चुकला नव्हता. आता बोर्डाने जुन्या वास्तू राखायचा ठराव केला. अशा वास्तूच्या चारी बाजूंना शंभर हात कोणी नांगरायचं नाही, कोणी राहायचं नाही. ठमाबाईचं शेत आणि झोपडं मिळून शंभर हातांच्या आतच संपत होतं. बदल्यात तिला मानपाड्याकडचा माळ मिळणार होता. तिथे भात सोडा, गवतही नीट उगवत नव्हतं.

बरं, शंभर हात मोकळे तरी राहणार होते का? छे! शिळा बघायला येणाऱ्या बड्या पाहुण्यांसाठी तिथे बोर्ड विश्रामगृह बांधणार होतं. नकाशाही तयार होता. याच ठरावाखाली शेजारच्या गावातलं एक जुनं देऊळही राखायचं होतं. दोन महिन्यांत त्याच्या दगडांची खडी होऊन रस्त्यावर पडली. रस्त्याचं कंत्राट बोर्डाच्याच एका सभासदाच्या मेहुण्याचं. तिथे शंभर हात मोजायला कोणी फिरकलं नाही. लूट करायची आणि तिला इतिहासाचं नाव द्यायचं, याची चीड येऊ नये तर काय करावं?

"ठमे, अंगठा दे नि मोकली हो," गावचा पाटील भिवा म्हणाला. जमीन राजीखुशीने सोडते असं लिहिलेला कागद त्याच्याच हातात होता. "सरकाराशी कोन भांडल?"

ठमाबाईने कागदाकडे पाठ फिरवली. जमलेलं गाव शिळेकडे बघत होतं.

शेंदराचे थर निघाले आणि खाली अक्षरं दिसू लागली. आठल्ये चक्क चिखलात गुडघे टेकून बसले. "साडेसातशे वर्षांपूर्वीचा लेख आहे, बाई!" त्यांचा आवाज आनंदाने कापत होता. त्या भरात ते मोठ्याने वाचत, अर्थ सांगत सुटले. खाडीचं पाणी अडवून ज्यांनी बांध घातला, त्या लोकांना राजाने ही जमीन दिली आहे. मुलानातवंडांनी ती खावी. सूर्य-चंद्र आहेत तोवर खावी.

"मंजे आमाला?" ठमाबाईने विचारलं.

आठल्ये भानावर आले. "म्हणजे... त्या काळच्या लोकांना."

"खाडीला बांध कोन घालतं, सायबा? तुजा आजा घालत होता?"

आगरी बाई कोणालाही अरे-तुरे करते, त्यात एरवी राग नसतो. आज होता.

शिपायाने पायथ्याची माती काढली. लेखाची शेवटची ओळ उघडी पडली. तिच्याखाली चित्र कोरलेलं होतं. एक बाई आणि एक गाढव. आठल्ये घाईने उठले आणि धोतराचा चिखल झटकू लागले.

"पुढं काय लिवलंय?"

"पुढचं झिजलंय."

मातीत दडलेली ती अक्षरं काल कोरल्यासारखी धारदार होती. शिपायाला वाचता येत नव्हतं, पण एवढं त्यालाही दिसत होतं. तो साहेबांच्या तोंडाकडे बघू लागला.

"मी अडानी हाय, आंधली नाय," ठमाबाई म्हणाली. "आनि यो गाढव कशाला? अंगठा पायजे ना तुला? मंग वाच."

आठल्ये खाली बघत पुटपुटले, "ही जमीन जो कोणी काढून घेईल... मग तो राजा असो, प्रधान असो की कारकून असो..."

"त्याचं काय?"

"शिवी आहे, बाई."

"कोनाला?"

"त्याच्या आईला." त्यांचे कान लाल झाले होते. "चित्रात आहे ते... तिच्याशी होवो, असा शाप आहे."

मागे कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. ठमाबाई हसली नाही. वाचता येत नाही त्याला निदान बघून कळावं म्हणून कोणीतरी हे कोरून ठेवलं होतं, आणि तिच्या सात पिढ्यांनी त्यावर शेंदूर थापला होता. तिने भिवाच्या हातातला कागद हिसकला, चित्रासमोर जमिनीवर पसरला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर पाय दिला.

"अंगठा देते," ती आठल्यांना म्हणाली. "पन पैली सही तुजी. आनि सहीत बापाचं नाव नको, आयचं लिव."