डुलकी

"पुन्हा लावा," बाई म्हणाल्या, आणि साहेबांनी टेबलावरच्या फोनवर बोट टेकवलं.

लिफ्ट बसवणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या कंपनीच्या मीटिंगच्या खोलीत चौघं होते. कंपनीचे मुख्य साहेब. साहेब हसले की हसणारा मॅनेजर. स्वतंत्र संचालक म्हणून बाहेरून नेमलेल्या बाई. आणि दुरुस्ती विभागाचे प्रमुख, ज्यांना सगळी कंपनी उस्ताद म्हणायची. गैरप्रकारांच्या तक्रारीसाठी कंपनीने एक फोन नंबर ठेवला होता. तक्रारदाराचं नाव विचारायचं नाही, आवाज मशीनने बदलून टाकायचा, आणि तक्रार थेट बाईंकडे पाठवायची, असा नियम होता. नियम चांगला फ्रेम करून भिंतीवर लावला होता. तक्रार मात्र आधी साहेबांकडे आली होती.

पिंपात तोंड घालून बोलावं तसा घोगरा आवाज खोलीत घुमला. "प्रसूतिगृहातल्या लिफ्टचा ब्रेक संपलाय. आपण नेमलेल्या कंत्राटदाराची माणसं तिथे फिरकतसुद्धा नाहीत, बसल्या जागी तपासणीचा दाखला देतात. ती लिफ्ट डुलकी घेते. एखाद्याचा जीव जाईल."

साहेबांनी फोन थांबवला. "लिफ्ट डुलकी घेते म्हणे. तिला उठवायला एक माणूस ठेवू या का?"

मॅनेजर हसला. उस्तादांनी मात्र तो शब्द ओळखला. मशीनने आवाज बदलतो, शब्द कसा बदलणार? डुलकी हा काही त्यांच्या धंद्यातला शब्द नव्हता. तो त्यांच्या भाचीने काढला होता, ती त्यांच्या हाताखाली शिकत असताना. काम सोडून पेंगताना त्यांनी तिला पकडलं, तर ही बया शेजारच्या लिफ्टकडे बोट दाखवून म्हणाली होती, "मामा, मी एकटीच नाही, हीपण घेतेय बघा डुलकी." तेव्हापासून तो शब्द त्या दोघांचाच राहिला. कंपनीत त्यांना मामा म्हणणारीही ती एकटीच होती, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं.

"डुलकी म्हणजे नेमकं काय?" बाईंनी विचारलं. "मला यातलं कळत नाही. कोणाला समजलं?"

"समजण्यासारखं त्यात आहे काय?" साहेब म्हणाले. "कोणीतरी खोडसाळपणा केलाय. तथ्य नाही असा शेरा मारू आणि विषय संपवू."

बाईंनी उस्तादांकडे पाहिलं. "तुम्हाला काही अंदाज?"

उस्तादांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला. गप्प बसलं तर तक्रार हसण्यावारी जाणार होती. बोललं तर शब्दाचा माग काढत साहेब भाचीपर्यंत पोचायला वेळ लागणार नव्हता, आणि एकदा तिचं नाव फुटलं की नोकरी तर जाईलच, पण पुढे या धंद्यात तिला कोणी दारातही उभं करणार नाही. पदरात लहान मूल, घरात कमावणारी ती एकटी. आपल्याला काहीच ऐकू आलं नाही असं समजावं, असं त्यांना मनापासून वाटलं. पण त्या लिफ्टमधून कोण जातं-येतं तेही त्यांना दिसत होतं.

"ब्रेक झिजला की असं होतं," ते म्हणाले. "लिफ्ट मजल्यावर थांबते, दार उघडतं आणि मग ती हळूच खाली सरकते. आज दोन बोटं सरकेल. चालता माणूस ठेचकाळेल, एवढंच. उद्या जास्त सरकली आणि तेव्हा स्ट्रेचर अर्धं आत, अर्धं बाहेर असलं, तर..."

बाईंचा चेहरा उतरला. "मग ती लिफ्ट आत्ताच्या आत्ता बंद करायला हवी."

"करू की," साहेब म्हणाले, पण जागचे हलले नाहीत. "उस्ताद, याला डुलकी म्हणतात हे तुम्हाला कसं हो माहीत? मी इतकी वर्षं या धंद्यात आहे, माझ्या कानावर कधी आलं नाही."

"तक्रार मीच केली," उस्ताद म्हणाले.

इतकं सरळ खोटं आपल्याला बोलता येतं याचं त्यांनाच नवल वाटलं. निवृत्ती तोंडावर आली होती. करून करून हे लोक आपलं काय वाकडं करणार? खोलीत आल्यापासून पहिल्यांदाच त्यांना मोकळा श्वास घेता आला.

"वा. मग प्रश्नच मिटला," साहेब म्हणाले. "आपला नियमच आहे, तक्रार करणाऱ्याच्या केसालाही धक्का लागणार नाही." या वेळी मॅनेजर हसला नाही. तो खिडकीबाहेर बघत राहिला.

"लिफ्ट बंद करायचा फोन कोण करतंय?" बाईंनी विचारलं.

"एक मिनिट, बाई. तक्रार आपण पूर्ण कुठे ऐकली? तुम्ही दोन्ही वेळा ऐकलीत ती अर्धीच. आपला ऑपरेटर शेवटी एक प्रश्न विचारतो, तेवढं राहिलंय." साहेबांनी फोनवर बोट टेकवलं आणि उस्तादांकडे बघत खुर्चीत मागे रेलून बसले.

"हे तुम्ही तुमच्या वरिष्ठांच्या कानावर घातलंय का?" ऑपरेटरचा आवाज स्वच्छ होता. तो बदलायची गरज नव्हती.

मग तोच घोगरा आवाज, पण घाईघाईने बोलणारा.

"नाही, नाही. मामांना यातलं काहीच माहीत नाही. त्यांना यात ओढू नका."