गच्चीवरचा बंब

तिसरी काडी विझली आणि बंबाने गणपतच्या तोंडावर धूर सोडला.

"आतमध्ये गीझर हा मां?" मालनने विचारलं. पहाटेच्या विमानाने ती कुवेतला उतरली होती, महिन्याभराच्या व्हिसावर. आता शाल लपेटून गच्चीवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती आणि जानेवारीच्या वाऱ्यात तिचे दात वाजत होते. गणपत एरवी सुलैबियाला कंपनीच्या कॅम्पात राहायचा. तिच्यासाठी त्याने सबाह अल-सालेममध्ये ही गच्चीवरची खोली घेतली होती.

"गीझर बटणार चलता," तो डोळे चोळत म्हणाला. "बटण दाबूक काय लागता? तू बसान ऱव. आज लाकडाक हात लावलंस तर माझी आण हा."

मालनने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. हसू मात्र तिला दाबता येईना.

मागच्या रजेत निघताना त्याने विचारलं होतं, पुढच्या खेपेला तुला काय आणू? सोनं म्हणेल, नाहीतर मोबाईल, असा त्याचा अंदाज. ती म्हणाली, एकदा दुसऱ्या कोणीतरी पेटवलेल्या बंबाचं पाणी अंगावर घ्यायचंय. म्हणाली हसतच, पण गणपतच्या डोक्यात ते रुतून बसलं. अकरा वर्षं तो रजेवर जायचा आणि उठायच्या आत मागल्या पडवीत बंब रसरसलेला असायचा. सासू, सासरे, दीर, पोरं, सगळ्यांची आंघोळ झाली की तळाला उरलेली कोमट बादली मालनची. आत गेली की दोन मिनिटांत बाहेर. हे त्याला कधी दिसलंच नव्हतं आणि त्याची त्याला मनापासून लाज वाटली.

म्हणून चार महिने दर शुक्रवारी, मुकादमाला विचारून, भंगारातल्या स्टीलच्या पाईपचा त्याने हा बंब घडवला होता. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी, खाली तोटी. लाकडं हिवाळ्यात वाळवंटात तंबू ठोकणाऱ्यांसाठी रस्त्याकडेला विकतात, ती. सगळं साग्रसंगीत. फक्त तो पेटत नव्हता.

जिन्यातून खोकत अफताब वर आला. तो या इमारतीचा राखणदार. "गणपतभाई, नीचे तक धुआँ है. दस बजे मालिक आएगा, तब तक कर लो जो करना है."

साडेआठ वाजून गेले होते. गणपतने चौथी काडी ओढली. कागद भुरकन पेटला, लाकडाच्या टोकाशी लाल झाला आणि गुदमरून गेला. एवढा मोठा वेल्डर, तेलाच्या पाईपलाईनी जोडणारा, पण आता त्याला अगदी रडू यायचं बाकी होतं.

मालनला राहवेना. ती उठली आणि हात पाठीमागे बांधून, शब्दाला जागत, बंबाभोवती एक फेरी मारून आली. मग वाकून बुडाशी पाहिलं.

"ह्यो बंब हा काय रणगाडो?" ती म्हणाली. "वारो खंयसून जातलो?"

"खंयसून म्हणजे?"

"खालसून! इस्तवाक श्वास घेवक नको?"

गणपत खाली बसला. बुडाला त्याने सहा मिलिमीटरची जाड चकती लावली होती आणि ती सगळीकडून इतकी बेमालूम जोडली होती की मुंगीला शिरायला वाव नव्हता. अकरा वर्षं त्याला पगार मिळत होता तो हेच करण्याचा. त्याच्या जोडाचे एक्स-रे निघायचे. सुईच्या टोकाएवढं भोक सापडलं तरी सगळा जोड कापून पुन्हा करावा लागायचा.

"माझ्या हातान भोक पाडू?" त्याने असं विचारलं की मालनला फस्सकन हसू फुटलं. अफताबही हसला, आणि न सांगता ड्रिल आणायला खाली पळाला.

लाकडं आणि पाणी बाहेर काढून बंब आडवा केला. पहिल्या भोकाला गणपतचा हात अडखळला. दुसऱ्याला बरं वाटलं. नळीच्या बुडाशी बारा भोकं पडली तेव्हा तो स्वतःच खिदळत होता. मालनने बॅग उघडली. कोकमाच्या आगळाच्या बाटल्या फुटू नयेत म्हणून त्या नारळाच्या सोडणांत, वाळक्या सालांत, बसवून आणल्या होत्या. तिने एकेक सोडण सोडवून त्याच्याकडे फेकलं.

"ह्यां लाकूड न्हय," ती म्हणाली. "आण मोडूक नाय."

बंब विटांवर चढला, पुन्हा पाण्याने भरला. सोडणं धडधडून पेटली, लाकडांनी ताव धरला आणि नळीतून घूंऽऽ असा आवाज निघू लागला. दोघंही तो ऐकत राहिली. मागल्या पडवीतला आवाज अगदी हाच.

पत्रा जाड, त्यामुळे पाणी तापायला पाऊण तास गेला. गणपतने कढत पाण्याची बादली भरून न्हाणीघरात ठेवली, बंबात तेवढंच गार पाणी ओतलं आणि दाराबाहेर उकिडवा बसला. दोन मिनिटं झाली. पाच झाली. आतला पाणी ओतल्याचा आवाज थांबला. फार कढत झालं की काय? की धुराचा वास लागला पाण्याला?

"मालन?"

कडी वाजली. दार चार बोटं उघडलं, वाफेचा लोट बाहेर आला आणि त्यातून बांगड्या भरलेला एक ओला, लालबुंद हात. त्या हाताने रिकामी बादली उंबऱ्याबाहेर सरकवली.

"आनी एक होयी," आतून मालन म्हणाली. "भरून."