शेजारच्या छताची थरथर

"आरशांखाली हादरे शोषणारे पाय बसवलेस, तर माझी चाहूल कुणाला लागणार गं?" शेजारच्या इंदुमतीकाकूंनी विचारलं होतं. मैत्रेयी हसली होती. "काकू, तुमच्या खलबत्त्यानं तारे हलतात!"

पठारावरच्या त्या वसाहतीत प्रत्येक छतावर महादुर्बिणीचा एकेक षटकोनी आरसा होता. शेजारचा हलला, की त्याच्याशी जुळवून घ्यायला आपलाही कणभर कलायचा. एकट्या राहणाऱ्या काकू सकाळी आलं कुटायच्या, आणि आरशांची हालचाल दाखवणाऱ्या मैत्रेयीच्या पडद्यावरच्या रेघेत बारीक लाटा उमटायच्या. त्या दिसल्या, की ती चहाला जायची. तिला दिवस गेल्यावर तर काकू मुद्दाम जोरात ठोकायच्या. "ये गं, धिरडी झालीत!"

मग मैत्रेयीनं आखलेले ते पाय सगळ्या आरशांखाली बसले. तारे स्थिर झाले. सगळ्यांनी कौतुक केलं.

आता ती बाळंतपणासाठी माहेरी होती. लेक मांडीवर झोपली होती. सवयीनं तिनं फोनवर काकूंच्या आरशाची नोंद उघडली. रेघ सरळ होती. काकू कुटत असत्या, तरी सरळच दिसली असती. आणि सकाळपासून त्या फोन उचलत नव्हत्या.

तिनं वसाहतीच्या ग्रुपवर लिहिलं, "हे वाचत असाल, तर आधी इंदुमतीकाकूंकडे जा. पुढचं दार उघडलं नाही, तर मागचं नुसतं लोटलेलं असतं."