भागीरथीला काय येतं

संयुक्त महाराष्ट्रासाठी सत्याग्रह केला म्हणून लालबागच्या सोळा बायकांना पोलिसांनी धरून चौकीतल्या एका खोलीत बसवलं. त्यांत भागीरथी होती आणि तिची सासूही होती.

भागीरथीला भाषण जमत नव्हतं, लिहिता-वाचता येत नव्हतं. येत होती ती फक्त माणसांची नक्कल, आणि त्यापायी तिने सासूची बोलणी कायम खाल्ली होती.

धरलेल्या बायकांतली यमुना हमसून हमसून रडू लागली. तिचं सहा महिन्यांचं मूल घरी नवऱ्यापाशी होतं. "मी माफी लिहून देते आणि जाते," ती म्हणाली. बायकांनी समजावलं, दटावलं. ती ऐकेना.

भागीरथी उठली. पदर खोचून तिने यमुनाचा नवरा उभा केला: मूल उलटं धरणारा, त्याला "अहो, गप बसा ना" म्हणणारा, दूध गार झालं का बघता बघता स्वतःच पिऊन टाकणारा. यमुना रडता रडता हसली. मग सगळी खोली हसली. दारातल्या शिपायाने तोंड फिरवलं. भागीरथी दुपारभर थांबली नाही. लग्नानंतर इतकं मोकळं तिला कधी वाटलं नव्हतं.

संध्याकाळी कारकून नावं लिहायला आला, तेव्हा यमुनाने माफीचा विषय काढला नाही.

"धंदा?" त्याने भागीरथीला विचारलं.

"काय नाय. घरीच असते."

"काय नाय कसा?" मागून सासू म्हणाली. "लिवा सायबानू, ही रडत्या माणसांक हसयता."