एक की दोन

"बघायचं नाही हं," म्हणत लेकीने बाबांच्या डोळ्यांवर रुमाल बांधला आणि कर्कटकाची दोन्ही टोकं त्यांच्या उजव्या हाताच्या बोटावर टेकवली. "एक की दोन?"

"दोन. शाळेत कंपासपेटी न्यायचा कंटाळा, आणि आता बापावर चालवतेय!"

उजवा हात तल्लखच होता, प्रश्न डाव्याचा होता. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून तो मांडीवर नुसता पडून असे. लेक फिजिओथेरपिस्ट. परक्यांचे किती हात तिने जागे केले होते, पण घरचाच हात काही केल्या दाद देत नव्हता. हे तिच्या मनाला फार लागलं होतं.

तिने डावा हात टेबलावर घेऊन तळव्यावर टोकं टेकवली. बाबा गप्प. पुन्हा टेकवली. काहीच नाही. हिरमुसून तिने कर्कटक टेबलावर ठेवून दिलं.

"पाच," बाबा म्हणाले.

"काय पाच? मी हातसुद्धा लावलेला नाही."

"ही टोचत नाहीत गं, मऊ आहेत. एकाचं टोक तेवढं खरबरीत. सुई लागून लागून झालेलं."

तिने झटकन मागे वळून पाहिलं. कोपऱ्यातलं शिलाई मशीन आई गेल्यापासून बंद होतं.

"हाताकडून निरोप येईनासा झाला ना, बाबा, की मेंदू आपल्याच मनाचं काहीबाही सांगतो," ती घाईघाईने म्हणाली. परीक्षेत तिने हेच लिहिलं होतं.

"असेल बाई." बाबांची डावी बोटं हळूहळू मिटत होती. मूठ मात्र पुरती वळली नाही. आत एखादा हात मावेल एवढी जागा राहिली.

लेक घाबरली. त्या भरात तिने कर्कटक उचललं आणि त्या जागेतून थेट तळव्यावर टेकवलं, जरा जोरातच.

"अगं, टोचतंय!"

"कळलं? बाबा, कळलं तुम्हाला?" आनंदाने तिला रडूच फुटलं. "सांगा ना, एक की दोन?"

"दोन."

बरोबर होतं. डोळे पुसता पुसता तिला राहवलं नाही. "आणि ती पाच?"

"गेली."

बाबांचा डावा हात टेबलावर चाचपडू लागला. कडेपर्यंत गेला, परत आला. तिला बघवेना. तिने आपला हात त्यांच्या हातात सरकवला.

रुमालाखालचा चेहरा उजळला. बाबांनी एकेक बोट टोकापर्यंत नीट चाचपून पाहिलं.

"ही तुझी," ते म्हणाले.