क्लॅम्प

प्लॅनरने तरुण इंजिनिअरची मान धरली आणि त्याचं डोकं संगणकाच्या पडद्यावर आपटलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा काच तडकली.

"माझ्या धाकट्या भावाचा डोळा गेला! तुझ्या ह्या डबड्यापायी!"

दोन फिटर धावले. पहिल्याचं नाक त्याच्या कोपराने फुटलं. दुसऱ्याने कशीबशी कंबर धरली.

ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून विमानाच्या पंखाच्या बरगड्या कोरायचा कारखाना. ठोकळा कुठे आवळायचा, कटर आधी कुठे फिरवायचा, मग कुठे, हे अठरा वर्षं प्लॅनर हाताने लिहीत आला होता. महिन्यापूर्वी ते काम संगणकाकडे गेलं आणि प्लॅनरकडे उरला नुसता चहा. आज सकाळी भरधाव कटर ठोकळा आवळून धरणाऱ्या मधल्या पोलादी क्लॅम्पवर धडकला. तुकडा मशीनची जाळी फोडून ऑपरेटर असलेल्या धाकट्याच्या डोळ्यात घुसला. त्याला उचलून नेलं तेव्हा तो लहान पोरासारखा "दादा, दादा" करत होता.

इंजिनिअरने रक्त थुंकलं. सोबत अर्धा दात पडला.

"काका, ह्याला स्वतःची अक्कल नाही. तुमचे अठरा वर्षांचे कागद वाचून शिकलंय ते. मधला क्लॅम्प काढायची पायरी तुमच्या एकाही कागदात नाही. मी आत्ता सगळे बघून आलो."

प्लॅनरची मूठ सैल झाली.

पायरी होती. पण तो ती कधीच लिहीत नसे. ऐन वेळी मशीनपाशी जाऊन ऑपरेटरच्या कानात सांगे. त्यामुळे त्याच्यावाचून कारखान्याचं पान हलत नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची! संगणक आल्यावर तर तो मूग गिळूनच बसला. आज संगणकाने आखलेली पहिली बरगडी मशीनवर लागणार हे त्याला ठाऊक होतं. सकाळपासून तो कँटीनमध्ये कान टवकारून बसला होता. धडाका होईल, साहेब पाया पडत येतील, मग बघू.

"काका, तुम्हाला माहीत होतं?" नाक दाबत फिटरने विचारलं.

प्लॅनरला माहीत होतं. धाकट्याने आज पाळी बदलून घेतली होती, हे काही त्याला माहीत नव्हतं. तो समजत होता, मशीनवर दुसऱ्या कुणाचा तरी भाऊ आहे.